पट्टीखालचा उजेड

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं की मामा आधी डोळे मिटायचे. मग खालच्या उघड्या ब्लॉकवरून हळूहळू अनामिका फिरवायचे, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावी तशी. "थांबा जरा. लोखंडाला बोलू द्या," म्हणायचे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, तोवर सगळे गप्प.

रामनगरात ट्रक थांबतात तिथं त्यांचं पत्र्याचं शेड होतं. तुमच्याही गावात असा मिस्त्री असेल, ज्याला कुणी नावानं हाक मारत नाही, सगळे मामाच म्हणतात. बायको वारल्यावर ते शेडमध्येच राहत. दुपारी एकट्यापुरती पेज शिजवत आणि इंजिनाशी बोलत. "काय रे, कुणी जाळलं तुला एवढं?" कॉलेजच्या बसची वाट बघताना हे माझ्या कानावर यायचं. माणूस समोर आला की मात्र त्यांना शब्द सुचत नसत.

ब्लॉक साफ करताना ते आधी सिलिंडरांच्या मोठ्या भोकांत बायकोच्या जुन्या लुगड्याचे बोळे कोंबत, कचरा आत पडू नये म्हणून. मग हेड आणि ब्लॉकच्या मधे फट बुजवायला बसवलेलं जुनं गॅस्केट खरवडून काढत. बोल्टच्या प्रत्येक भोकात तारेला गुंडाळलेली चिंधी घालून तेल, पाणी टिपून घेत. एकदा एक ड्रायव्हर हसला, "मामा, अंगण सारवताय काय?"

"व्हय. नवं हेड म्हंजे नवी नवरी. घर झाडून नको ठेवायला?"

मग आमची जीप त्यांच्याकडं आली. बाबा बाजारकुणंगहून रामनगरला माणसं आणतात, घर त्यावरच चालतं. चढावर इंजिन तापलं, हेडला चीर गेली, तेलात पाणी शिरून त्याचा दुधाळ चहा झाला. मामांनी नवं हेड आणलं, ब्लॉक साफ केला, बोट फिरवलं. मग ब्लॉकवर पोलादी पट्टी उभी धरली आणि मागून बॅटरी लावली. पट्टीखालून उजेड दिसला तर ब्लॉक वाकलेला. मग तो बेळगावला नेऊन मशीनवर सपाट करून आणायचा. पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"बाय, तू बघ गे. कालिजात शिकतीस."

मी वाकले. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे केसाएवढा उजेड होता.

मला तो दिसला. पण खरंच दिसला का? आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. कुणी काही विचारलं की आपलंच चुकत असणार, असं मला आधी वाटतं. मागं बाबा उभे होते. जीप आठ दिवस बंद होती.

"न्हाई दिसत, मामा."

"नीट बघ."

"न्हाई."

त्यांनी नवं गॅस्केट उचललं.

तीन आठवड्यांत जीप पुन्हा वाफ ओकू लागली. बाबा शेडमध्ये चारचौघांसमोर म्हणाले, "मामा, हात गेला तुमचा." मी शेजारीच होते. मामांनी इंजिन पुन्हा उघडलं. तो ब्लॉक त्यांनी स्वतः बेळगावला नेऊन सपाट करून आणला. त्यानंतर मात्र एकही इंजिन उघडलं नाही. "जमंना आता. दुसऱ्याकडं न्या," म्हणत आणि सायकलींचे पंक्चर काढत बसत. आज सांगायचंच, असं मी रोज ठरवायची. रोज बस यायची.

वर्षानं शेडला कुलूप दिसलं. ते गोव्याला लेकीकडं गेल्याचं चहावाल्यानं सांगितलं आणि नंबर दिला. बसथांब्यावरूनच मी फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडं त्यांनी टीव्ही बारीक केला.

"दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधी?"

"व्हय."

"माझ्या बोटालाबी तिथंच लागलं हुतं गे. पण तू शिकलेली. म्हटलं, पोरीचं डोळं खरं."

"मामा, तुमचा हात बरोबर हुता. परत या."

"बरं केलंस, सांगितलंस." ते म्हणाले, "आता बोटांस्नी मुंग्या येत्यात. काय कळत न्हाई." मग मी जेवले का, असं विचारून त्यांनी फोन ठेवला.

मी तिथंच उभी राहिले. एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, कुलूप बघितलं आणि माझ्याकडं वळला.

"मामा कुठं गेलं हो? इंजिन दाखवायचं हुतं."

"गोव्याला."

"येत्यात काय परत?"

मी नाही म्हणून मान हलवली. तो ट्रकात चढून निघून गेला.