पोलादपुरात बोर्डोची रेड वाइन

वीर स्टेशनावर उतरलो तेव्हा दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरल्या होत्या. महाडपर्यंत रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं. "तान्हं पोर हाय काय पिशवीत?" फ्रान्सची वाइन आहे म्हटल्यावर तो खड्डे चुकवायला लागला. भला माणूस.

महाडहून एसटीने पोलादपूर. तिथे घाटाच्या तोंडाशी ताईचं आणि दाजींचं हॉटेल आहे. दाजींना वर्षभर अलिबागच्या खेपा घालून नुकताच दारूचा परवाना मिळाला होता. महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या जेवायला थांबाव्यात म्हणून त्यांना वाइन ठेवायची होती. मी मुंबईत वाइनच्या दुकानात कामाला, म्हणून निवड माझ्याकडे. स्वयंपाक ताईचा आणि अटही तिचीच: "आधी मी चाखणार. माझ्या मटणाशी जमली तर ठेवा, नाहीतर हॉटेलात बाटली दिसता कामा नये."

नवख्यांनो, बोर्डोच्या लेबलावरच्या राजवाड्याला भुलू नका. तिथे नदीच्या डाव्या तीरावरची वाइन बहुधा कडक, जांभळासारखी जीभ ओढणारी. उजव्या तीरावर मेर्लो जातीची द्राक्षं जास्त, ती वाइन मऊ. अलीकडच्या सालातली, साधी, उजव्या तीरावरची घ्या, खिशालाही परवडते. मी दोन्ही तशाच आणल्या होत्या.

"खोलीच्या तापमानाला पितात," मी ऐटीत सांगितलं. दाजींनी बाटल्या इमानेइतबारे चुलीमागच्या फळीवर ठेवल्या. एप्रिल महिना, त्यात लाइट गेलेली. जेवायच्या वेळी एक उघडली. ताईने आधी उंबऱ्याबाहेर दोन थेंब राखणदाराला (गाव राखणाऱ्या देवाला) सोडले, मग घोट घेतला.

"सुध्या, हा तर काढा रे."

मलाही तसाच लागला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, ती खोली फ्रान्समधली, पोलादपूरची नव्हे.

दुसरी बाटली बादलीत घालून विहिरीत सोडली. दाजी काठावरच बसून राहिले. "ही पण गेली तर तुझी ताई ऐकायची नाय," ते म्हणाले.

बऱ्याच वेळाने बाटली वर काढली. ताईने पुन्हा थेंब सोडले, घोट घेतला, मटणाचा तुकडा खाल्ला, परत घोट घेतला. मग म्हणाली, "माझा मसाला जरा जास्त होतोय हिला. उद्या मिरची कमी घालून बघते."

दाजींनी टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला.

परतीच्या गाडीत मी एकटाच हसत होतो. लग्न झाल्यापासून ताईने मटणाचा मसाला सासूच्या सांगण्यावरूनही बदलला नव्हता.