कॅशमधला आवाज

ऑफिसात तिला सगळे 'सर्व्हरवाली' म्हणत. बोलायला फटकळ, पण कामाला वाघ. "हिला लग्नाला बोलवा, अक्षता टाकायच्या आधी जनरेटर तपासेल," अशी तिची थट्टा चालायची आणि तीही खळखळून हसायची. थोरला भाऊ गेल्यापासून तिचं हसणं कमी झालं.

दादा मुलांसाठी गोष्टी सांगायचा आणि रेकॉर्ड करून आपल्या वेबसाइटवर ठेवायचा. ती साइट तिनंच कंपनीच्या मशीनवर बसवून दिली होती. तो गेल्यावर आई रोज सकाळी चहा घेताना फोनवर त्याची एखादी गोष्ट लावायची. चहा तसाच गार व्हायचा.

एक दिवस त्या मशीनची डिस्क निकामी झाली. तिनं घाईघाईत बॅकअपवरून नवं मशीन उभं केलं आणि त्याच्या दाराशी बसणाऱ्या प्रॉक्सीला त्याचा पत्ता दिला. लोकांची मागणी आत पोचवायची आणि मिळालेलं उत्तर कॅशमध्ये, म्हणजे आपल्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवून पुढच्याला लगेच द्यायचं, हे प्रॉक्सीचं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आईचा फोन आला.

"अगं, दादाच्या जागी चपलांचं दुकान आलंय!"

"काय सांगतेस?"

"सँडल दिसतायत नुसत्या. माझ्याकडून काही भलतंच दाबलं गेलं का?"

"नाही गं, चूक माझीच आहे. थांब जरा."

एका मशीनवर अनेक साइट असतात. त्यातली कुठली हवी, हे मागणीसोबतच्या होस्ट हेडरमधल्या नावावरून कळतं. प्रॉक्सी तिथं साइटचं नाव सोडून मशीनचंच नाव घालत होता, म्हणून मशीन आपल्याकडची पहिली साइट पुढं करत होतं. मागणाऱ्यानं घेतलेलं नावच आत जाईल, अशी तिनं ती ओळ बदलली. तरी सँडल हलेनात, कारण चुकीचं पान कॅशमध्ये बसलं होतं. तिनं दादाच्या साइटची सगळीच कॅश पुसली. पान आलं, त्यावर दादाचा हसरा फोटो.

"आई, बघ आता."

"दिसला गं. पण बोलत नाहीये."

तिनं एकेक गोष्ट लावून पाहिली. एकही लागेना. नव्या मशीनवरचा फोल्डर रिकामा होता. बॅकअपनं मोठ्या फायली घेतल्याच नव्हत्या. गोष्टी उरल्या होत्या त्या फक्त कॅशमध्ये, आणि ती तिनं आत्ताच पुसली होती. दुरुस्तीवाल्यांनी जुन्या डिस्कसमोर हात टेकले. दादाचा लॅपटॉप तर केव्हाच कुणाला तरी देऊन टाकला होता.

ती घरी गेली तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, गोष्टी गेल्या. माझ्याच हातून गेल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

आईनं घडी घातलेला टॉवेल उलगडला, पुन्हा घातला. "मुद्दाम थोडंच केलंस," एवढं म्हणाली, आत गेली आणि दार लावून घेतलं. ती दाराबाहेर नुसती बसून राहिली.

कुणाकडे दादाची एखादी गोष्ट असेल तर पाठवा, असं तिनं साइटवर लिहिलं. बऱ्याच महिन्यांनी एका शिक्षिकेनं वर्गासाठी डाउनलोड करून ठेवलेली एक गोष्ट पाठवली. शेवट तुटलेला होता. मायलेकी ऐकायला बसल्या. मध्येच दादाला खोकला आला.

"इथे मी पाणी नेऊन दिलं होतं," आई म्हणाली. ग्लास ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं वाक्य अर्ध्यावरच थांबलं.

"पुढं काय होतं गं, आई? तू तर रोज ऐकायचीस."

आईनं मान हलवली. "गोष्ट कुठे ऐकायचे मी? त्याला ऐकायचे."