मंत्र्यांना ओळ देणारा

मी देवचंद लंजे. नवेगाव बांधजवळच्या एका खेड्यात धानाची शेती करतो आणि दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेपासून होळीपर्यंत आमच्या नाटक मंडळात प्रॉम्प्टर असतो. म्हणजे स्टेजच्या पुढे खणलेल्या खड्ड्यात, हार्मोनियमवाल्याला खेटून बसतो आणि नटांना त्यांचे संवाद हळू आवाजात सांगतो. आमच्या पूर्व विदर्भाकडच्या झाडीपट्टीच्या नाटकात या कामाला फार मोठा मान आहे, असं मीच सगळ्यांना सांगत असतो. पोस्टरवर माझं नाव लाईटवाल्याच्या खाली येतं, तेही जागा उरली तर.

या धंद्याने मला एक खोड लावली. कुणी बोलता बोलता थांबलं की माझ्या तोंडातून पुढची ओळ निघून जाते. ग्रामसभेत, तेरवीच्या भाषणात, सोयरिकीच्या बैठकीत, कुठेही. माझी बायको चंद्रकांता म्हणते, "तुमच्यासंग भांडाची भी सोय नाई. माह्या शिव्या भी तुमीच पुऱ्या करून देता."

तर राज्याच्या अनुदानाचा घोळ असा होता की नाटक पक्क्या नाट्यगृहात झालं तरच अनुदान. आमचं नाटक होतं धान कापलेल्या शेताच्या बांधीत, तंबू ठोकून. पंचक्रोशी लोटते, पण नियमाला माणसं दिसत नाहीत, त्याला भिंती लागतात. मंडळाचा मालक आणि हीरो एकच, तिलक बिसेन. त्याने साफ सांगून टाकलं, "नियम बदलला तं ठीक. नाई तं पुढच्या हंगामानंतर तंबू इकून टाकतो."

आमची जुनी गायिका नटी गोमतीबाई हे ऐकून तिथेच आपली रंगाची पेटी आवरायला लागली. तिला दुसरं काही येत नाही. मलाही येत नाही, पण माझ्यासाठी कुणी हळहळलं नाही.

हिवाळी अधिवेशनाच्या वेळी नागपूरला मंत्र्यांची भेट ठरली. निवेदन पाठ झालंय असं तिलक म्हणाला, म्हणून मला सोबत नेणं भागच होतं. मी त्याच्या पाठीमागून एकेक वाक्य सोडत गेलो आणि तो डोळ्यांत पाणी आणून बोलत गेला. गोमतीबाईने दोन ओळी गायल्या. मंत्री खरंच हेलावले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तुमच्या तंबूच्या बाबतीत आपण..." आणि थांबले.

झालं. मला राहवलं नाही. आजवर प्रत्येक कचेरीत या जागी जी ओळ ऐकली होती तीच माझ्या तोंडून निघाली, अगदी खड्ड्यातल्या आवाजात. "समिती नेमू."

"समिती नेमू," मंत्री म्हणाले आणि सुटल्यासारखे उठले.

परतीच्या गाडीत तिलक एवढंच बोलला, "काऊन बे देवचंद? त्याले कायले ओळ देऊन राहिला होता?"

पुढे वर्षभर मी गावात 'अनुदान बुडवणारा' म्हणून ओळखला गेलो. लाज वाटायची, नाही असं नाही. पण खोटं कशाला बोलू, आतून थोडं बरंही वाटायचं. राज्याचा कारभार माझ्या एका ओळीने फिरला होता. पोस्टरवर जागा न मिळणाऱ्या माणसाला एवढं पुष्कळ झालं.

दसऱ्याच्या सुमाराला तेच मंत्री गोंदियाला आले. तिलकने पुन्हा वेळ घेतली. निवेदन त्याला अजूनही पाठ नव्हतं, त्यामुळे मी होतोच. पण या वेळी गोमतीबाईने बंदोबस्त केला. तिलकचं शेवटचं वाक्य संपताच तिने पदराआडून सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची अख्खी पुडी माझ्या तोंडात कोंबली आणि कानात म्हणाली, "चावत राय. बोलशील तं पाय."

मंत्री म्हणाले, "तुमच्या तंबूच्या बाबतीत आपण..." आणि बरोबर त्याच जागी थांबले. माझे गाल फुगले, डोळ्यांतून पाणी आलं, पण मी ओळ सोडली नाही. मला वाटलं, आता हा माणूस आपल्या मनातलं बोलणार.

तेवढ्यात खुर्चीमागे उभे असलेले त्यांचे स्वीय सहायक किंचित वाकले. ओठसुद्धा हलल्यासारखे दिसले नाहीत. काय कसब होतं!

"समितीचा अहवाल येऊ द्या," मंत्री म्हणाले.

मी बघतच राहिलो. म्हणजे गेल्या वर्षी मी मुका राहिलो असतो तरी हेच झालं असतं. वर्षभर जो गुन्हा मी मिरवला, तोसुद्धा माझा नव्हता.

बाहेर आल्यावर गोमतीबाई म्हणाली, "पायलं काय? त्यायचा प्रॉम्प्टर तुह्यापेक्षा चांगला हाय. अन् त्याले सरकार पगार देते."

आम्ही बसस्टँडपर्यंत पोट धरून हसलो. बाकड्यावर बसल्यावर मात्र तिलकचा चेहरा उतरला. मंडई तोंडावर आली होती, तालमी सुरू होत्या. तो म्हणाला, "म्हंजे हा एक हंगाम झाला, का आपलं मंडळ..." आणि थांबला. गोमतीबाई खाली बघत पदराचं टोक पिळत बसली.

पुढचा शब्द मला ठाऊक होता. खर्रा तर मी केव्हाच थुंकून टाकला होता. तरी मी ओळ दिली नाही.