रोबोटमधून उतरलेला पोरगा

कॉलेज मी दोनदा सोडलं. पहिल्यांदा माझ्या मर्जीनं. दुसऱ्यांदा सोडावं लागलं, त्याला जबाबदार एकटा मोरेश्वरमामा! पांढुर्ण्यात त्याचं झेरॉक्सचं दुकान. मागच्या टेबलावर मी आणि माझा दोस्त पंक्या जपानी पद्धतीचं कॉमिक काढायचो, म्हणजे मांगा. किस्से आम्ही गोळा केले नाहीत. मोठी माणसं झेरॉक्सला येत गेली, किस्से साचत गेले.

मामाचा पहिलाच प्रश्न, "काय करून राहिले बे?"

"मांगा काढून राहिलो."

"कोणी मांगलं तुमाले?"

गोष्ट सांगितली. मोठी माणसं पोरांना धरून रोबोटमध्ये बसवतात. जो बसतो तो जळून मरतो. शेवटचा पोरगा मात्र हेल्मेट काढतो, उतरतो, घरी चालत येतो. मामानं सगळं ऐकलं. म्हणाला, "ॲव्हरेज किती देते?"

सौसरचे एक रिटायर्ड सर चित्रं पाहून खूश! "पाहा, रोबोट चालवाले इंजिनीअरच लागते!" बोट ज्या चित्रावर होतं, त्यात इंजिनीअर जळून राहिला होता.

शेजारची सुलाकाकू म्हणाली, "एवढी पोरं मेली, आन् एकाचीबी माय दिसत नाही?" पंक्यानं माय काढली. नुसती डबा घेऊन उभी. ते पान मला अजून पाहवत नाही. काकूनं पाहिलं. "डब्यात काय हाय, ते कळत नाही."

घरी बाबांनी शब्द दिला होता. "पुस्तक पुरं कर. पाहतो, मंग ठरवतो तुले कॉलेजात परत धाडाचं का नाही." बाबांना तोंडी सांगून उपयोग नसतो. शेवटचं पान त्यांच्यासाठीच काढलं होतं.

जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं. आम्ही तसंच शिवलं आणि कव्हर लावायला मामाकडे दिलं.

"उलटं शिवलं होतं बे तुमी! म्या कव्हर सरळ बाजूनं लावून देलं." म्हणजे आमच्या शेवटच्या पानावर! वर जामसावळीच्या मारुतीचा फोटो. आणि पुस्तक थेट बाबांना पोचतं केलेलं!

मी घरी पळालो. बाबा मन लावून पानं उलटत होते. संवाद आम्ही ठेवलेच नव्हते. पुस्तक मिटून त्यांनी चष्मा पुसला.

"पोरगं घरून निघालं, रोबोटात बसलं, अन् मेलेली सगळी पोरं एकेक करून उठली! मले वाटलं होतं, तू नाहीच म्हणशील. चाल, गाडी काढ. कॉलेजात जाऊन येऊ."

दुसऱ्यांदा सोडेपर्यंत माझं एक वर्ष गेलं.