दोघांच्या रक्तातलं

दादाचा फोन आला तेव्हा मी नुकतीच शाळेत शिकवून घरी आले होते. "मंदा गेली," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला. वहिनीला कावीळ झालीय, ठाण्याला ॲडमिट केलंय, इतकंच मला ठाऊक होतं.

मंदावहिनी जवळच्याच कोन गावची. लग्न होऊन भिवंडीत आली तेव्हा कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटाने तिचं डोकं उठायचं. वडिलांनी भाड्याने दिलेला कारखाना आमच्या भिंतीला लागूनच. पुढे प्राची झाली, आणि एवढ्या आवाजात पोर शांत झोपते याचं सगळ्यांना कौतुक. "लूमवाल्याची नात हाय," आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. एका दुपारी लाइट गेली, लूम थांबले. वहिनीच्या हातून पितळी परात निसटून फरशीवर आपटली. मी दचकले. प्राची मान न वळवता खेळत राहिली. वहिनीने परात उचलली आणि या वेळी मुद्दाम खाली टाकली...

मुंबईच्या डॉक्टरांनी प्राचीचं रक्त तपासून सांगितलं, हा बहिरेपणा जन्माचा, आई-बाप दोघांकडून आलेला. दोघांनाही नीट ऐकू येतं, पण दोघांच्या रक्तात तो लपलेला असणार. पुढच्या मुलाआधी दोघांनी चाचणी करून घ्या. वहिनी लगेच तयार झाली. दादा उठून बाहेर गेला. "आमच्या घराण्यात कोन बहिरा न्हाय," असं घरी आईने ठरवून टाकलं, आणि दोष वहिनीच्या माहेरावर गेला. वहिनीने विषय काढला की दादा अर्ध्या जेवणावरून उठायचा. तो वाईट नव्हता. प्राचीला खांद्यावर घेऊन बाजारभर फिरायचा. भ्यायला होता, इतकंच.

माझं लग्न झालं तेव्हा वहिनीने मला बाजूला घेतलं. मूल होण्याआधी तू तरी तपासून घे, नवऱ्यालाही ने, असं सांगत राहिली. आम्ही गेलो. माझ्यात तो दोष निघाला, नवऱ्यात नाही. मुलाला फारशी भीती नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे तो आमच्या घराण्यातही होताच. मी माहेरी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं. आई भाकरी थापत राहिली. दादाने टीव्हीचा आवाज वाढवला. वहिनीला निदान मोकळं वाटेल, असं मला वाटलं होतं. नंतर आम्ही दोघीच असताना ती म्हणाली, "कल्पना, दोष कुणाचा ते मला कधी नकोच होतं गं. प्राचीला भावंड हवं होतं. माझ्यामागे तिच्याशी बोलणारं कोणीतरी... पण ह्यांच्याशिवाय मी एकटीने काय ठरवू?"

दुसरं मूल तिला झालंच नाही.

दिवसकार्य उरकल्यावर दादाने मला हळूच विचारलं, ती चाचणी अजून करता येते का. आता कुणासाठी, हे मला त्याला विचारवलं नाही.

प्राचीला बोलायला शिकवताना वहिनी तिचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवून घ्यायची, शब्द निदान हाताला तरी लागावा म्हणून. परवा गेले तर प्राची माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या गळ्यावर तळवा ठेवून म्हणाली, "आई?" तिचा तो जाडसर, तुटका आवाज... शब्द हाताला लागेल म्हणून हात तसाच ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली.