खुंटाचे फुटवे

आमच्या रो-हाउसपुढे मातीचा एक अरुंद पट्टा आहे. एका बाजूला स्कूटर उभी असते, दुसऱ्या बाजूला नळाचं मीटर. मधल्या जागेत माझ्या नवऱ्याने अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर बाग केली. बाग म्हणजे कढीपत्ता, मोगऱ्याचं एक झुडूप आणि गुलाब. गुलाब मात्र साधा नव्हता. गंगापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून त्यांनी तो आणला होता, हायब्रिड टी जातीचं कलम, गडद लाल, लांब दांडीचं एकेकच फूल देणारं. त्याचा वास गोड होताच, पण आत कुठेतरी लिंबाच्या सालीचाही होता. फूल उमललं की हे सकाळी मला स्वयंपाकघरातून बाहेर बोलवायचे. हातातलं टाकून यायला मी बऱ्याचदा कुरकुर करायचे.

पावसाळा संपता संपता त्यांच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि बायपास लगेच करावी लागेल असं सांगण्यात आलं. स्ट्रेचरवरून आत नेताना त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, मुलीबद्दल काही सांगतील. ती बंगळूरला होती, दिवस भरत आलेले, तिला येता येणार नव्हतं. ते म्हणाले, "गुलाबाच्या मुळाशी पाणी साचू देऊ नकोस."

मी कसली घरी जातेय. ऑपरेशन झालं, ते शुद्धीवर आले, तोवर मी दवाखान्याच्या बाकावरच होते. बाहेर परतीचा पाऊस धो धो पडत होता, आणि मला तो फक्त काचेवर दिसत होता. अंघोळ आणि कपड्यांसाठी म्हणून घरी आले तेव्हा पट्ट्यात तळं झालं होतं. गुलाबाच्या फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली येत होत्या. पानं गळून चिखलात पडलेली. मी पातेल्याने पाणी उपसलं आणि काळं होतं तेवढं कात्रीने कापून टाकलं. हिरवी अशी एकच बोटभर काडी राहिली, तीन पानं धरून.

दवाखान्यात गेल्यावर त्यांनी पहिलं तेच विचारलं. मी म्हटलं, थोडं सुकलंय, पण आहे.

मग काहीतरी विचित्र माझ्या डोक्यात बसलं. ते झाड जगलं तर हे जगतील. मी बँकेत नोकरी केलेली बाई, असल्या गोष्टींना हसणारी. पण दवाखान्यातून घरी आले की कुलूप उघडण्याआधी मी गुलाबापाशी वाकायचे. यांच्या छातीची जखम चिघळली होती. घरी आणलेलं माणूस तापामुळे पुन्हा भरती करावं लागलं. डॉक्टर रोज एकच सांगायचे, वाट पाहू. आणि घरी ती काडी तशीच होती, ना वाढत होती ना वाळत होती.

एके दिवशी बुंध्यापाशी मातीतून नवीन फुटवे वर आलेले दिसले. जोमदार, सरळ, बघता बघता गुडघ्याएवढे झाले. मला रडू आलं. मी शेणखत घातलं आणि पाण्यासाठी भोवती आळं केलं. दवाखान्यात जाऊन त्यांना सांगितलं. ते उशीला टेकून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "पानं कशी आहेत?"

मी म्हटलं, बारीक बारीक, फिकट हिरवी, एका देठाला खूप असतात. ते हसले. म्हणाले, "छान. घाल पाणी."

त्यानंतर रोज मी त्यांना सांगायचे, आज एवढे वाढले, आज आणखी एक आला. ते ऐकायचे, पण हळूहळू त्यांनी स्वतःहून विचारायचं बंद केलं. मला वाटलं, यांची उमेद संपत चालली. नर्सला विचारलं, जेवतात का नीट? ती म्हणाली, जेवतात की. माझा विश्वास बसेना. ज्या झाडाचं नाव घेतल्याशिवाय यांचा दिवस जायचा नाही, त्याबद्दल विचारायचं हे का सोडून देतील?

दिवाळी दवाखान्यातच गेली. नंतर माझा धाकटा भाऊ यांना भेटायला आला. त्याची पिंपळगावजवळ द्राक्षबाग आहे. छाटणी उरकून, फवारण्यांमधून कसाबसा एक दिवस काढून आला होता. दवाखान्यात जायच्या आधी घरी चहाला थांबला. मी त्याला मोठ्या हौसेने गुलाब दाखवायला नेलं. तो उकिडवा बसला, माती बाजूला केली, आणि फुटवे कुठून निघालेत ते बोटाने चाचपलं.

"ताई," तो म्हणाला, "हे दाजींचं झाड नाय. हा खुंट हाय."

मला कळलं नाही. मग त्याने समजावलं. चांगला गुलाब दुसऱ्या रानटी, चिवट गुलाबाच्या मुळावर बांधलेला असतो. खालचा तो खुंट. त्यांच्या द्राक्षातही तसंच असतं. जोडाच्या खालून फुटवा आला की तो खुंटाचा, आणि तो सगळं अन्न ओढून घेतो. वरचं खरं झाड उपाशी मरतं. दाजींचा गुलाब म्हणजे ती बोटभर काडी, तीच, जिच्याकडे मी फुटवे आल्यापासून पाहिलंही नव्हतं.

मी पायरीवर बसले. इतके दिवस मी हौसेने खतपाणी घालून कुणाला वाढवत होते! त्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता सगळे उपटून टाक. पण त्याने काडीवर नखाने जरासं खरवडून पाहिलं. आतून हिरवी होती. काडीवर तीन डोळे होते, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, फुगायला आलेल्या.

"उपटू नको," तो म्हणाला. "ही काडी एकटी काय जगायची नाय. हिचे डोळे या फुटव्यांवर भरू. लागले तर लागले."

त्याने जाडसर तीन फुटवे ठेवले, बाकीचे मुळापासून ओढून काढले. धारदार चाकूने एकेक डोळा सालीसकट, पानाच्या देठाचा छोटा तुकडा राखून सोलून घेतला. फुटव्याच्या सालीला चीर देऊन डोळा आत सरकवला आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधला. मला बजावलं की हात लावायचा नाही. काही आठवड्यांनी तो देठ पिवळा पडून नुसत्या स्पर्शाने गळला तर डोळा जगला. वाळून चिकटून राहिला तर गेला.

दवाखान्यात जाताना गाडीत मी भावाला दोनदा सांगितलं की दाजींसमोर हा विषय काढू नकोस, त्यांना ताण नको. तो हो म्हणाला. पण खोलीत गेल्यावर माझा चेहराच असा झाला असावा की यांनी विचारलं, काय झालं. मला खोटं सुचेना. सांगून टाकलं.

ते म्हणाले, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तू पानं सांगितलीस तेव्हाच. आपल्या गुलाबाला एवढी नसतात."

"मग मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी सलाइनच्या नळीकडे पाहिलं. "दिवसभरात तेवढं एकच तू आनंदाने सांगायचीस. ते कसं मोडू? झाड गेलंच आहे असं मी धरून चाललो होतो."

माझा भाऊ उठून खिडकीपाशी गेला. मला त्यांचा राग आला, खरोखरचा. मी त्यांची उमेद राखत होते, आणि छातीला टाके घातलेला हा माणूस माझी राखत होता. आणि दोघांच्या मध्ये ते झाड मरत होतं. मी म्हटलं, यापुढे मला खरं ते सांगायचं. झाडाचंही आणि तुमचंही. ते म्हणाले, बरं. आणि मग तेव्हाच त्यांनी सांगितलं की रात्री छातीत धडधडतं, ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी डॉक्टरांना बोलावलं. गोळी बदलली गेली.

थंडी पडू लागली तेव्हा ते घरी आले. गोदेच्या बाजूने सकाळी धुकं यायचं, आणि मला नवीनच भीती, गारठ्याने डोळे मेले तर. मी संध्याकाळी फुटव्यांभोवती जुनी चादर लावायचे, सकाळी काढायचे. हे खिडकीतून पाहायचे आणि चादर नीट लागली नाही की काचेवर टकटक करायचे. त्यांना अंगणाची एक पायरीही उतरायची परवानगी नव्हती.

परवानगी मिळाली त्या दिवशी मी त्यांना धरून खाली नेलं. पहिल्या फुटव्यावरचा देठ वाळलेला, काळा. त्यांनी बोट लावलं, तो हलला नाही. दुसऱ्याचंही तसंच. तिसऱ्याला मी त्यांना हात लावू देईना. म्हटलं, उद्या बघू, एकदम एवढं नको. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझंच बोट धरून देठावर टेकवलं. देठ टपकन गळून मातीत पडला.

भावाला फोन केला तर तो म्हणाला, तो फुटवा आता डोळ्याच्या वर छाटा, हळूहळू, घाई नको. यांनी ते काम माझ्याकडून करून घेतलं. मी कात्री धरली होती, हे बाजूला खुर्चीवर बसून सांगत होते, अजून वर, अजून वर. डोळ्यातून तांबूस कोंब निघाला. त्यावर माव्याची बारीक कीड आली, ती मी साबणाच्या पाण्याने धुतली. मग एक कळी आली, करंगळीच्या पेराएवढी.

ऊन तापायला लागलं होतं तेव्हा ती उमलली. पूर्वीच्या फुलांच्या निम्मीसुद्धा नव्हती, कडा उन्हाने काळवंडलेल्या. त्याच दिवशी यांची तपासणी होती. निघायच्या घाईत मी पर्स शोधत होते आणि त्यांनी बाहेरून हाक मारली. या वेळी मी हातातलं टाकून गेले. ते वाकून वास घेत होते. एवढं वाकू नका, मी म्हटलं. ते सावकाश सरळ झाले, त्यांना धाप लागली होती. थोडी, पण लागली होती.

"अजून कच्चा आहे," ते म्हणाले. "पण तोच आहे."

मी वाकले. लिंबाची साल मला आधी लागली, गोडवा नंतर. मग रिक्षा आली. वाटेत मी त्यांना विचारलं की धाप किती वेळ राहते, आणि त्यांनी खरं ते सांगितलं. मी ते डॉक्टरांना सांगायचं म्हणून मनात घोळवत राहिले.