नदीच्या कुठल्या तीरावर

शहाडच्या त्र्यंबक गुरुजींनी उभ्या जन्मात ठिकाणाचा विचार केला नव्हता. वागळे इस्टेटमधल्या मशीनची पूजा असो की डोंबिवलीत चौदाव्या मजल्यावरची वास्तुशांत, संकल्पात ते 'गोदावरीच्या दक्षिण तीरी' एवढं म्हणत आणि पुढे जात. गोदावरी दिसत नसे, पण ती आहे यावर सगळ्यांचा विश्वास होता.

त्या सकाळी मात्र ते अडले. सुहासिनीबाईंच्या कल्याणच्या घरी, रव्याच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर त्यांचा मुलगा साकेत दिसत होता. ऑस्ट्रेलियातल्या एका आडगावी तो डॉक्टर होता. तिथे दुपार झाली होती. वडिलांचं, विश्रामरावांचं, वर्षश्राद्ध तो तिथूनच करणार होता.

"गुरुजी, ठिकाण नीट सांगा हं," सुहासिनीबाई म्हणाल्या. "हे कधी गेले नाहीत तिकडे. इथल्या मोहन्याहून घरी यायचं तरी दोघांना विचारत यायचे."

"नदी कोणती रे?" गुरुजींनी साकेतला विचारलं.

"आहे एक. पाणी नाही. पाऊस झालाच तर वाहते, समुद्राकडे पाठ करून, आत आत. पुढे वाळूत संपते."

गुरुजींच्या डोळ्यांपुढे ती आली. तांबडी, कोरडी, चालता चालता स्वतःलाच विसरलेली.

"आणि घर कुठल्या तीरावर?"

साकेत मोबाइल घेऊन अंगणात गेला. सपाट माती, आणि दूर गव्हाची पांढरी कोठारं, धुक्यातल्या देवळांसारखी. "उत्तर तीर," तो म्हणाला.

"मग तिथेच बस. तोंड दक्षिणेला."

माध्यान्हीचं ऊन तिथे उत्तरेकडून येतं. साकेतची सावली त्याच्या पुढ्यात पडली, नदीच्या दिशेने, कुणाला तरी घ्यायला निघाल्यासारखी.

आवाहनाचं संस्कृत म्हणून झालं, तरी गुरुजी थांबले नाहीत. त्याच सुरात मराठीत म्हणू लागले, "विश्रामराव, कोरडी नदी ओलांडा. पांढरी कोठारं उजव्या हाताला ठेवा. पुढे पत्र्याच्या छपराचं घर."

"फाटकाशी कुत्रा आहे," साकेत पुटपुटला. "बाबा घाबरायचे."

"कुत्रा बांधलाय," गुरुजी सुरातच म्हणाले. साकेत उठला आणि कुत्रा बांधून आला.

विसर्जनाच्या वेळी सुहासिनीबाईंनी हळूच विचारलं, "जाताना इकडून जायला सांगता येईल?"

शास्त्रात तसं काही नव्हतं. गुरुजींनी गोदावरी बाजूला ठेवली आणि कल्याणजवळच्या उल्हास नदीचं नाव घेतलं. मग अडखळले.

"वहिनी, आपण कुठल्या तीरावर?"

बाईंनी खिडकीतून पाहिलं. समोर इमारतीच होत्या.

"नदीचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "दुसरा मजला. दार उघडंच आहे म्हणावं."